‘के’ कोण ठरवतं? आणि इतर पत्रं

मागच्या अंकात मी ससे आणि त्यांना खाणारं लिंक्स हे रानमांजर यांच्यावर अर्धं पान लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. पाऊस म्हणजे सतरा पत्रं. या सदराच्या मानाने तो मुसळधारच. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. एक पत्र माझी चूक दाखवणारं आहे. ते मुद्दाम मधे ठेवलंय, म्हणजे वरवर चाळणाऱ्यांच्या नजरेतून सुटेल अशी माझी भाबडी आशा.

आधी एका शब्दाबद्दल. ‘लोकसंख्या’ म्हटलं की डोळ्यांसमोर माणसंच येतात आणि ‘समष्टी’ म्हटलं की परीक्षा. म्हणून मी जीवसंख्या म्हणते: एका जागी, एका वेळी राहणाऱ्या एकाच जातीच्या जिवांची संख्या.

प्रश्न: आमच्या पुस्तकात लॉजिस्टिक वाढीचं सूत्र आहे. त्यातला आर म्हणजे वाढीचा दर, एन म्हणजे संख्या, हे कळलं. पण के, म्हणजे धारणक्षमता, कोण ठरवतं? प्रत्येक गणितात तो दिलेलाच असतो. (बारावीची विद्यार्थिनी)

अगं, मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि हा प्रश्न मला वर्गात दोनदाच आला. बाकीची मुलं के दिलेला असतो म्हणूनच खूश असतात.

के म्हणजे एखादी जागा जास्तीत जास्त जितके जीव पेलू शकते तो आकडा. सूत्र काय म्हणतं ते आधी आकड्यांत बघू. के धर १०००, आर धर वर्षाला ०.५. संख्या १०० असेल तेव्हा वाढीचा वेग ०.५ गुणिले १०० गुणिले ०.९ (हजारांतल्या ९०० जागा अजून रिकाम्या, म्हणून ०.९), म्हणजे वर्षाला ४५. संख्या ५०० असताना हाच वेग १२५. आणि ९०० असताना? पुन्हा ४५. आता नीट बघ. शंभरांमागे ४५ म्हणजे दर दोन जिवांमागे जवळजवळ एक नवा. नऊशेंमागे ४५ म्हणजे वीस जिवांमागे एक. सूत्रात आहे ते एवढंच: गर्दी वाढत जाते तशी दरडोई वाढ सरळ रेषेत घटत जाते आणि के आला की शून्य होते. सरळ रेषाच का? कारण ती सगळ्यांत सोपी. बेल्जियमच्या पिएर फेरहुल्स्टने १८३८ मध्ये हे मांडलं. पुढे ते जवळपास विस्मरणात गेलं आणि १९२० मध्ये रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी अमेरिकेच्या लोकसंख्येसाठी नव्याने शोधून काढलं.

आता तुझा के. बहुतेक वेळा तो कुणीच आधी ठरवत नाही. जीव वाढू द्यायचे, संख्या कुठे थबकते ते बघायचं आणि त्या आकड्याला के म्हणायचं. चंचुपात्रात साखरेच्या द्रावणात यीस्ट सोडलं तर दीडदोन दिवसांत आलेख वर चढून सपाट होतो. तो सपाट भाग म्हणजे के. साखर दुप्पट घेतली की के बदलतो. साखर तेवढीच ठेवून तयार होणारा अल्कोहोल काढून घेतला तरी बदलतो. म्हणजे के हा यीस्टचा गुण नाही आणि पात्राचाही नाही; तो दोघांच्या जोडीचा आहे.

इथवर पुस्तकात सापडेल. पुस्तकात सहसा नसतं ते असं, की जोडीतला एक जण दुसऱ्याला बदलू शकतो. बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचं बेट आहे. १९४४ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडिअर सोडले, तिथल्या तुकडीला अडीअडचणीला मांस मिळावं म्हणून. लवकरच माणसं निघून गेली, रेनडिअर राहिले. बेटावर लांडगा नाही, जमिनीवर दगडफुलाचा जाड गालिचा. १९५७ मध्ये डेव्हिड क्लाइन नावाचा जीवशास्त्रज्ञ गेला तेव्हा १३५० रेनडिअर भरले. १९६३ मध्ये ६०००. १९६६ मध्ये तो पुन्हा गेला तर सगळीकडे सांगाडे, आणि जिवंत ४२. त्यांत नर एकच, तोही धड नाही. पुढे तेही संपले.

हे आकडे घेऊन मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. पहिल्या तेरा वर्षांत वाढ दरसाल सरासरी ३४ टक्के. पुढच्या सहा वर्षांत २८. फेरहुल्स्टच्या सूत्रात संख्या के जवळ आली की ही टक्केवारी शून्याकडे घसरायला हवी होती. इथे ती जेमतेम सहा अंकांनी उतरली आणि मग कडा लागला. का? दगडफूल वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. त्यामुळे रेनडिअर दर वर्षी उगवणारं व्याज खात नव्हते, शतकभर साठलेलं मुद्दल खात होते. मुद्दल असेपर्यंत पोट भरतं, पिल्लं होतात, गर्दीचा जाच आकड्यांत दिसत नाही. तो दिसतो दुसरीकडे: क्लाइनने १९६३ मध्ये वजनं तपासली तर मोठी जनावरं सहा वर्षांपूर्वीच्या मानाने एक तृतीयांशाहून जास्त हलकी झाली होती. मग १९६३-६४ चा कडाक्याचा, प्रचंड बर्फाचा हिवाळा आला.

तर के कोण ठरवतं? सेंट मॅथ्यूवर तो रेनडिअरच ठरवत होते, आणि रोज खाली आणत होते. परीक्षेत असं लिहू नकोस. तिथे ‘पर्यावरणातील मर्यादित संसाधने’ असंच लिही आणि गुण घे.

प्रश्न: एक बॅक्टेरिया दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. मग पृथ्वी बॅक्टेरियांनी भरून का जात नाही? (नाव लिहिलेलं नाही)

चक्रवाढ कधीच फार काळ चालत नाही, म्हणून. चालली असती तर काय झालं असतं ते बघा: २४ तासांत ७२ दुपटी. एका जिवाचं वजन ग्रॅमचा एक लाख-कोटीवा भाग धरलं, तर दिवसअखेर सुमारे ४७०० टन. तिथून पृथ्वीच्या वजनाला गाठायला आणखी दिवसभरही लागत नाही. ४४ तासांच्या सुमारास काटा बरोबरीला येतो. खऱ्या बाटलीत हे सगळं काही तासांतच थांबतं. अन्न संपतं, स्वतःचीच घाण स्वतःला नडते.

प्रश्न: किडीवर औषध फवारलं की आठवडाभर बरं असतं, मग कीड आधीपेक्षा जास्त येते. लोक म्हणतात कीड औषधाला सरावली. पण इतक्या लवकर सरावते का? (बागेची देखभाल करणारे एक वाचक)

सरावते, पण त्याला किडीच्या पिढ्या जाव्या लागतात. तुमच्या आठवडाभराच्या गोष्टीमागे बहुधा दुसरंच कारण आहे, आणि ते सापडलं मासळीबाजाराच्या नोंदींत.

उंबेर्तो द’आन्कोना हा इटालियन प्राणिशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे एड्रियाटिक समुद्रातल्या मासेमारीचे आकडे तपासत होता. फ्यूमे बंदरावर येणाऱ्या मासळीत शार्क वगैरे शिकारी माशांचं प्रमाण १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होतं. १९१८ मध्ये ३६. युद्ध संपलं, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि १९२३ मध्ये ११. युद्धामुळे मासेमारी थंडावली, हे उघडच. पण जाळी कमी पडली तर सगळेच मासे वाढायला हवेत, शिकाऱ्यांचाच वाटा का वाढावा? त्याने हे विचारलं वितो व्होल्तेरा या नामांकित गणितज्ञाला, जो पुढे त्याचा सासरा झाला. (याच व्होल्तेराने १९३१ मध्ये फॅसिस्ट सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला आणि प्राध्यापकी गमावली. सदराशी संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.) त्याचं उत्तर १९२६ मध्ये छापून आलं. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता, म्हणून भक्ष्य-भक्षकांच्या या समीकरणांना दोघांचंही नाव.

समीकरणं बाजूला ठेवू, तुमची बाग घेऊ. मावा आणि त्याला खाणारे लेडीबर्ड भुंगेरे. आकडे मी सोयीचे घेते. मावा मोकाट सोडला तर दिवसाला निम्म्याने वाढतो, म्हणजे ०.५. एक भुंगेरा दिवसाला असलेल्या माव्यातला ०.०२ भाग खातो. भुंगेऱ्यांतले रोज ०.१ मरतात. आणि एका मावा-कीटकामागे एका भुंगेऱ्याची पैदास ०.००१ ने वाढते.

तराजू कुठे स्थिर होतो? भुंगेऱ्यांची संख्या टिकायची तर पैदास मरणाइतकी हवी: ०.००१ गुणिले मावा बरोबर ०.१. म्हणजे मावा १००. आणि माव्याची संख्या टिकायची तर त्याची वाढ भुंगेऱ्यांनी पुरती खाल्ली पाहिजे: ०.०२ गुणिले भुंगेरे बरोबर ०.५. म्हणजे भुंगेरे २५. इथे क्षणभर थांबा. माव्याची संख्या ठरवताना माव्याच्या वाढीचा दर कुठे आला का? नाही. माव्याची संख्या ठरते भुंगेऱ्याच्या मरणावर. वर्गात हे फळ्यावर लिहिल्यावर मी खडू ठेवून देत असे, कारण पाचेक मिनिटं कुणालाच ते पटायचं नाही.

आता फवारा मारा. औषध आपपर भाव करत नाही. समजा रोज दोघांतलेही पाच टक्के जास्तीचे मरतात. माव्याची वाढ ०.४५ झाली, म्हणून भुंगेरे २५ वरून साडेबावीसवर. भुंगेऱ्यांचं मरण ०.१५ झालं, म्हणून मावा १०० वरून १५० वर. तुम्ही मारायला गेलात आणि दीडपट केलात. जाळ्यांचंही तसंच: दोघांना सारखं ओरबाडलं की फायदा भक्ष्याचा. युद्धाने जाळी थांबवली, तराजू उलटा कलला.

हे नुसतं कागदावरचं नाही. ऑस्ट्रेलियातली एक कापशी खवले कीड एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात पोचली आणि तिने लिंबूवर्गीय बागा नासवल्या. १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले हा कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथून तिला खाणारा व्हिडेलिया भुंगेरा बोटीने पाठवला. वर्षदीड वर्षात कीड आटोक्यात आली आणि पन्नासेक वर्षं आटोक्यातच राहिली. मग १९४० च्या दशकात डीडीटी आलं. काही बागांत फवारलं गेलं, भुंगेरे मेले, आणि विसरली गेलेली कीड परत डोकं वर काढून बसली.

तुमच्या पत्रात औषधाचं नाव नाही, म्हणून कुठलं मारा, कुठलं नको, ते मी सांगणार नाही. पुढच्या फवारणीआधी मात्र एक करा. दहा पानं उलटी करून भिंगाखाली बघा आणि मावा सोडून बाकी काय हलतंय ते मोजा. आठवड्याने पुन्हा त्याच झाडाची दहा पानं.

प्रश्न: गेल्या अंकात तुम्ही कॅनडातल्या ससा-लिंक्सच्या दहा वर्षांच्या चक्राचा आलेख लोटका-व्होल्तेराचा ‘ढळढळीत पुरावा’ म्हणून दिलात. तो तसा नाही. (निवृत्त संख्याशास्त्रज्ञ)

नाही. मान्य. ‘ढळढळीत’ हा शब्द मी परत घेते.

कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या नोंदी इतक्या देखण्या दिसतात की हात आवरत नाही: ससे चढले, मागोमाग लिंक्स चढले, ससे पडले, लिंक्स पडले, दर नऊदहा वर्षांनी. पण १९७३ मध्ये मायकल गिल्पिनने तेच आकडे समीकरणांत बसवून पाहिले तर काही वर्षांत क्रम उलटा निघाला, लिंक्स आधी आणि ससे मागून. त्याने निबंधाचं शीर्षकच ठेवलं: ससे लिंक्सना खातात का? मुळात तो आकडा जंगलातल्या जनावरांचा नाहीच, विकायला आलेल्या कातड्यांचा आहे. त्यात शिकारी माणसाच्या सवयीही मिसळल्या आहेत.

दुसरा घाव चार्ल्स क्रेब्ज आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी कॅनडाच्या युकॉनमध्ये एकेक चौरस किलोमीटरचे तुकडे आखले. काहींत सशांना जादा खाणं दिलं, काहींत विजेच्या कुंपणाने शिकारी बाहेर ठेवले, एकात दोन्ही केलं. १९९५ मध्ये निकाल छापला. शिकारी नसले तर ससे सुमारे दुप्पट, खाणं दिलं तर तिप्पट, दोन्ही केलं तर अकरापट. म्हणजे भक्षक आणि अन्न यांची नुसती बेरीज होत नाही, एक दुसऱ्याला धार लावतो. उपाशी ससा चाऱ्यासाठी उघड्यावर हिंडतो आणि पकडला जातो. घाबरलेला ससा चारा सोडतो. लोटका-व्होल्तेराच्या सशाला भीती नाही, आणि त्यातल्या लिंक्सचं पोट कधी भरत नाही.

पोट भरण्याचा हिशेब १९५९ मध्ये क्रॉफर्ड हॉलिंगने केला, आणि त्याची रीत मला फार आवडते. टेबलावर सँडपेपरच्या चकत्या टाचल्या, सचिव बाईंच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि बोटाने चाचपून चकत्या वेचायला सांगितलं. चकत्या वाढवल्या तशा जास्त वेचल्या गेल्या, पण एका हद्दीपर्यंतच. चकती सापडली तरी ती उचलून बाजूला ठेवायला वेळ जातोच, आणि तेवढ्यात शोध बंद. भक्षकाचंही तेच. वर माव्याच्या गणितात मी ही हद्द धरलेली नाही, हे तुम्ही पुढच्या पत्रात लिहाल, म्हणून आधीच कबूल करते.

प्रश्न: एकाच गोष्टीवर जगणाऱ्या दोन जाती एकत्र राहूच शकत नाहीत असा नियम आहे म्हणे. एका म्यानात दोन तलवारी. मग जंगलात इतक्या जाती कशा? (एक शिक्षक)

नियम गॉसच्या नावाचा. गिओर्गी गॉस, मॉस्कोचा, पुस्तक आलं १९३४ मध्ये, वय जेमतेम तेवीस. पॅरामीशियम या एकपेशीय जिवाच्या दोन जाती, ऑरेलिया आणि कॉडेटम, वेगवेगळ्या नळीत सुखाने वाढायच्या. एकत्र ठेवल्या की काही आठवड्यांत कॉडेटम नाहीशी.

पण सर, म्यान एकच आहे हे कुणी पाहिलं? मी पदव्युत्तर वर्गात असताना हा प्रयोग करायला घेतला होता. मला मिळाली कॉडेटम आणि पॅरामीशियमचीच तिसरी, हिरवी जात, बर्सारिया. रोज नळी हलवून, थेंब काढून, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. मधे चार दिवस मी तापाने आजारी होते, नळ्या तशाच पडून राहिल्या. परत आले तर प्रत्येक नळीच्या तळाशी हिरवट साय धरल्यासारखी झाली होती आणि वरचं पाणी मात्र स्वच्छ पांढुरकं. थेंब वरून घेतला तर कॉडेटमच कॉडेटम, तळातून घेतला तर बर्सारिया. मला वाटलं प्रयोग बिघडला. रडवेल्या तोंडाने माझ्या सरांकडे गेले. त्यांनी काही न बोलता कपाटातून गॉसचा १९३५ चा निबंध काढून पुढे ठेवला. त्यात हेच होतं. बर्सारियाच्या पोटात शैवाल असतं, ते उजेडात ऑक्सिजन करतं, म्हणून ती तळाशी, जिथे बाकीच्यांचा जीव गुदमरतो तिथे राहून खाली बसलेलं यीस्ट खाते. कॉडेटम वर तरंगणारे बॅक्टेरिया खाते. एका नळीत दोन कोनाडे होते, आणि मी रोज नळी हलवून ते मोडत होते.

तुमच्या जंगलाचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं रॉबर्ट पेन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाकडे. त्याने वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर, खडकाच्या एका पट्ट्यावरून पिसॅस्टर हा तारामासा उचलून समुद्रात फेकायला १९६३ मध्ये सुरुवात केली. तारामासा शिंपले खातो. तो गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापला आणि पंधरा जातींच्या आठ उरल्या. खाणारा होता म्हणून बाकीच्यांना बसायला जागा होती.

प्रश्न: हे लोक जंगलातले प्राणी मोजतात कसे? एकेक? (सातवीतला वाचक)

नाही रे. बरणीभर मणी घे. त्यातले ५० काढून त्यांवर शाईचा ठिपका दे, परत टाक, ढवळ. मग डोळे मिटून ६० काढ. समजा त्यांत ठिपक्याचे ६ निघाले. म्हणजे दहांत एक ठिपक्याचा. एकूण ठिपक्याचे ५०, तर बरणीत अंदाजे ५००. प्राण्यांनाही असंच पकडायचं, खूण करायची, सोडायचं, पुन्हा पकडायचं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा बरणीत ४०० मणी होते आणि माझं उत्तर आलं १९०, कारण ठिपक्याचे मणी वरच टाकून मी नीट ढवळलेच नव्हते. उंदरांचं याच्या उलट होऊ शकतं. एकदा पिंजऱ्यात अडकलेला उंदीर शहाणा होतो आणि दुसऱ्यांदा सापडत नाही. मग हिशेबात उंदीर खऱ्यापेक्षा जास्त भरतील की कमी? मणी घेऊन करून बघ आणि मला लिही. तुझं उत्तर पुढच्या अंकात छापते.